धनगरी कुत्र्याची पैदास: वाड्यावरची रीत आणि मुंबईहून पिल्लू न्यायला येणाऱ्यांनी काय बघावं

माळरान

दिवाळी उलटली की कर्जत, खालापूर, मुरबाड, शहापूर, भिवंडीकडे मेंढ्यांचे वाडे, म्हणजे धनगरांच्या फिरत्या वस्त्या, उतरायला लागतात. कोणी बोरघाटाने, कोणी माळशेजने. त्याच सुमारास मुंबई-ठाण्यातून विचारणा सुरू होते: फार्महाऊससाठी धनगरी पिल्लू कुठे मिळेल, खरं कसं ओळखायचं, केवढ्याला पडतं. या धाग्यात मुळापासून लिहितो, म्हणजे तीच तीच उत्तरं द्यायला नकोत.

पहिली गोष्ट, धनगरी कुत्र्याला ठरलेला रंग नाही. काळं, तांबूस, राखाडी, बांड, भुवयांवर ठिपके असलेलं, सगळं चालतं. केस आखूड ते मध्यम, कान पडके किंवा अर्धे उभे, अंग सडसडीत. ही जात दिसण्यावर टिकलेली नाही, कामावर टिकलेली आहे. कोकराला तोंड लावणारं कुत्रं वाड्यावर राहत नाही. रात्री न भुंकणारं राहत नाही. खांड, म्हणजे मेंढ्यांचा कळप, सोडून गावात रमणारं मागेच राहतं. पिढ्यान् पिढ्या ही चाळण लागली, आणि चाळणीतून जे उरलं ते धनगरी कुत्रं. म्हणून पिल्लाकडे बघण्याआधी त्याच्या आईचं काम बघा. हा अख्खा धागा याच एका वाक्यासाठी काढला आहे असं समजा.

आता वर्षाचं चक्र. आपल्याकडची देशी कुत्री बहुतेक वर्षातून एकदा, भाद्रपदाच्या मागेपुढे माजावर येते. लागल्यापासून साधारण 63 दिवस धरले तर वीण कार्तिक-मार्गशीर्षात पडते. म्हणजे वाडा चालत असताना किंवा कोकणात नुकता टेकला असताना. थंडीत जन्मलेल्या पिल्लांना गोचीड, माश्या आणि चिखलाचा त्रास कमी. शिवाय याच काळात वाड्यावर कोकरंही असतात, त्यामुळे पिल्लू आणि कोकरू एकाच जागी वाढतात.

पैदाशीसाठी कुत्री दोन वर्षांच्या आत धरायची नाही. पहिला माज वर्षाच्या आत येऊ शकतो, तो सोडायचा. कारण शरीराचं आहेच, पण कामाचं त्याहून मोठं आहे: कोकराचा पाठलाग करणं, लोकर ओढणं, कान चावणं या खोडी पाचव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत कधीही उघड होतात. त्याआधी वीण घेतली तर खोडीसकट घेतली. नर अडीच-तीन वर्षांचा झाल्यावरच बघावा.

कुत्रीत काय बघतात? रात्री पहिली भुंकते कोण. वाघरीपासून किती लांब बसते. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वाघर म्हणजे मेंढ्या रात्री कोंडायचं जाळं.) चांगलं कुत्रं वाघरीला चिकटून झोपत नाही, वाऱ्याच्या तोंडाला उंचवट्यावर बसतं. वाडा हलताना बिऱ्हाडामागे चालते की खांडाबरोबर. मेंढी विताना जवळ राहून वार (कोकरामागून पडणारी झार) खाते, पण ओल्या कोकराला धक्का लावत नाही, ही सगळ्यात कठीण परीक्षा आहे. यात उतरलेल्या कुत्रीची पिल्लं आधीच शब्द टाकून ठेवलेली असतात.

घाटवाट

माळरानदादा, नेमका याच माहितीच्या शोधात होतो. मुरबाडजवळ दोन एकर जागा आहे, 18 शेळ्या आहेत, गडी राहतो. बिबट्याचा वावर आहे. एक धनगरी नर न्यावा असं मनात आहे. एक पुरेल का? आणि पिल्लू न्यावं की मोठं?

डॉ. बैलघोडा

घाटवाट, तुमच्या प्रश्नाकडे बाकीचे येतीलच. माजाबद्दल आधी लिहितो, कारण निम्म्या चुका तिथे होतात.

रक्ताचा स्राव दिसायला लागला तो पहिला दिवस मोजा. पहिले आठ-नऊ दिवस कुत्री नराला जवळ येऊ देत नाही. नंतर स्राव फिका होतो, योनी सुजलेली पण मऊ पडते, ती शेपूट एका बाजूला घेऊन उभी राहते. साधारण दहावा ते चौदावा दिवस लागण्याचा. एक दिवस आड करून दोनदा लावली की पुरतं. लागल्यावर दोघं 15 ते 30 मिनिटं अडकून राहतात. त्यांना ओढून सोडवू नका, पाणी ओतू नका, दोघांनाही इजा होते.

सगळ्यात महत्त्वाचं: माजाचे पूर्ण तीन आठवडे कुत्री दोरीवर किंवा बंद जागेत हवी. एकाच विणीतल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. ठरवलेल्या नराला लावली आणि दुसऱ्या दिवशी गावातला कुत्रा आला, तर अर्धी पिल्लं त्याची. बाहेरून काही कळत नाही.

दुसरा धोका संसर्गजन्य गाठीचा, ज्याला आम्ही टीव्हीटी म्हणतो. ती मुख्यतः मीलनातून पसरते. योनीत किंवा लिंगावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, सहज रक्त येणारी गाठ. माज संपून महिना झाला तरी थेंब थेंब रक्त येत असेल, तर माज लांबला असं समजू नका, तपासून घ्या. व्हिंक्रिस्टीनची शिरेतून इंजेक्शनं आठवड्याला एक, साधारण चार ते सहा, यात बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. औषध शिरेबाहेर गेलं तर मांस झडतं, म्हणून ते घरी टोचायचं नाही. नर आणताना त्याचं लिंग मागे सारून नीट बघा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि तेच कोणी करत नाही.

वाघर

डॉक्टरांनी गावकुत्र्याचा मुद्दा काढला, त्याला जोडून. वाडा भाद्रपदात गावाकडे असतो, म्हणजे माण, खटाव, फलटण, आटपाडी, बारामती या पट्ट्यात. तिथे मोकाट कुत्री भरपूर. वाड्यावर माद्या मुळात कमी ठेवतात, माजाची कटकट नको म्हणून. पिल्लं वाटतानाही सगळे नरच मागतात. घाटवाट, तुम्हीही नरच मागितलात. याचा परिणाम असा की ज्या दोन-तीन चांगल्या माद्या असतात त्यांच्यावरच सगळा भार येतो. ती एक गेली की वाड्याचं कूळ संपतं आणि मग मिळेल ते पिल्लू उचललं जातं.

नर बदलण्याची जुनी रीत चांगली होती. एका वाड्याचा नर दुसऱ्या वाड्याच्या कुत्रीला, शक्यतो पाहुण्यांच्या वाड्यातला, पण लांबचा. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाला, आरेवाडीच्या बिरोबाला, म्हसवडच्या सिद्धनाथाला लोक भेटतात, तिथे ठरवाठरव होते. नर नव्या वाड्यावर नेला तर तो तीन-चार आठवडे बांधूनच ठेवावा लागतो, नाहीतर जुन्या वाड्याच्या वाटेला लागतो. त्यापेक्षा कुत्रीच नराकडे नेऊन चार-पाच दिवस बांधावी.

कुत्री दोन वर्षांनी पैदाशीला येते, म्हणजे तिसऱ्या वर्षी बाप लेकीवर येण्याची वेळ येते. तेव्हा नर बदललाच पाहिजे. बाप-लेक किंवा सख्खी भावंडं लावली तर पिल्लात रक्ताच्या जवळिकीचं प्रमाण 25 टक्के, सावत्र भावंडांत साडेबारा, चुलत-मावस भावंडांत सव्वासहा. एकदा झालं म्हणून लगेच काही दिसत नाही. दोन-तीनदा झालं की विणीत पिल्लं कमी होतात, एका अंडाचे नर निघतात, जबडा वरखाली येतो, पिल्लं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गळायला लागतात.

डॉ. बैलघोडा

गाभण काळाचं थोडक्यात. पहिले पाच आठवडे खुराक वाढवायचा नाही. सहाव्या आठवड्यापासून हळूहळू सव्वापट-दीडपट करा. कॅल्शियमचं औषध गाभणपणी देऊ नका. अनेक जण प्रेमाने पाजतात आणि त्यामुळे व्यायल्यावर शरीर स्वतःचं कॅल्शियम हाडातून सोडायला आळस करतं. मग कुत्री थरथरते, धापा टाकते, ताठ होते. असं दिसलं तर पिल्लं बाजूला काढून ताबडतोब डॉक्टर.

वीण जवळ आली की ती उकरायला लागते, खाणं सोडते. गुदद्वारात थर्मामीटर लावला तर अंगाचं तापमान उतरून 99 फॅरनहाइटच्या खाली आलेलं दिसतं, त्यानंतर 12 ते 24 तासांत कळा सुरू होतात. दोन पिल्लांत अर्धा-एक तास जाणं नेहमीचं. पण अर्धा तास जोरात कळा येऊन पिल्लू नाही, दोन तास उलटले आणि आत पिल्लं शिल्लक आहेत, किंवा पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवा-काळा स्राव आला, तर थांबू नका. किती पिल्लं आली, किती वारा पडल्या ते मोजा. वार आत राहिली की ताप आणि घाण वास तीन-चार दिवसांत येतो.

पिल्लाचं जन्मवजन साधारण 300 ते 400 ग्रॅम, दहाव्या दिवसापर्यंत ते दुप्पट व्हायला हवं. घरातला किराणा काटा पुरतो. रोज ठरल्या वेळी वजन घ्या. एक दिवस वजन स्थिर राहिलं तरी कारण शोधा. पहिला आठवडा पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही, भोवताली 30 अंशांच्या आसपास ऊब लागते. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका, ते पचत नाही आणि फुप्फुसात जातं. आधी ऊब, मग दूध.

सुकटबाजरी

व्यायलेल्या कुत्रीचं खाणं. वाड्यावर बाजरीची भाकरी, ताक, मेंढीचं दूध हेच असतं आणि कामाच्या कुत्र्याला त्यावर दिवस निघतात. पण दुधावरच्या कुत्रीला ते अपुरं पडतं. 20-22 किलोची कुत्री एरवी शंभर ग्रॅम पिठाच्या तीन भाकऱ्या आणि अर्धा लिटर दूध-ताकावर चालते. विणीनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिला याच्या अडीच ते तीनपट लागतं, आणि एका वेळी ती तेवढं खाऊ शकत नाही. चार वेळा विभागून द्या. बाजरीत प्रथिनं शंभर ग्रॅमला अकरा-बारा ग्रॅम, तेव्हा वरून काही हवं: दोन उकडलेली अंडी, शिजवलेले हुलगे, आणि कोकणात उतरलेल्या वाड्याला सहज मिळणारी सुकट. सुकट दोन पाण्यांत भिजवून मीठ काढूनच शिजवायची.

पिल्लांना चौथ्या आठवड्यापासून भाकरीचा दुधातला काला, बोटाने चाटवत सुरुवात. गाईचं दूध एकदम भरपूर दिलं तर जुलाब लागतात. कांदा-लसणाची आमटी त्यांच्या ताटलीत जाऊ देऊ नका.

वाघर

आता पिल्लाला मेंढरू कसं शिकवायचं. खरं तर शिकवायचं नसतं, वेळ साधायची असते. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्यांच्यात राहील त्यांना ते आपलं मानतं. अमेरिकेत रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर यांनी हॅम्पशायर कॉलेजात राखणदार कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम केलं, त्यांचंही म्हणणं हेच होतं. वाड्यावर हे आपसूक होतं. पिल्लं कोकरांच्या डालग्याशेजारी असतात, वाट चालताना घोडीच्या पाठीवर कोकरं, कोंबड्या आणि पिल्लं एकत्र लादलेली असतात.

आठ आठवड्यांनंतर पिल्लू वाघरीत चार-पाच शांत, वयस्क मेंढ्यांबरोबर ठेवावं. कोवळ्या कोकरांबरोबर एकटं नाही. कोकरू पळालं की पिल्लाला पाठलागाची चटक लागते. मेंढीने एक टक्कर दिली की पिल्लू हद्द शिकतं. टक्कर झेलून ते अंग चोरून, नजर वळवून मेंढीचं तोंड चाटायला गेलं तर ते काम करणार. दबा धरून, नजर रोखून, पाय उचलून थांबलं तर ते शिकारी वळणाचं. अशा पिल्लाला घरी पाठवा, खांडाला नको.

पाचव्या महिन्यापासून वर्षापर्यंतचा काळ अवघड. अंगात जोर येतो, अक्कल आलेली नसते. लोकर ओढणं, कान चावणं, कोकराला खेळवत दमवणं. यावर वाड्यावरचा उपाय लोढणं: हातभर लाकडाचा ओंडका पट्ट्याला असा बांधायचा की टोक गुडघ्याच्या खाली यावं. चालता येतं, धावलं की गुडघ्यावर लागतं. वजन पिल्लाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको, रात्री काढायचं, आणि मानेवर घासलंय का ते रोज बघायचं. बरोबर एक जुनं कुत्रं असेल तर निम्मं काम तेच करतं. मारून काही होत नाही. मारलेलं पिल्लू माणसासमोर खोडी करत नाही, पाठीमागे करतं.

घाटवाट

पिल्लू निवडताना काय तपासायचं? गडी म्हणतो वीस नखांचंच घ्या, आणि टाळू काळी हवी.

माळरान

वीस नखं म्हणजे मागच्या दोन्ही पायांना वरचं जादा नख. सर्वसाधारण कुत्र्याला अठरा असतात. हा प्रबळ आनुवंशिक गुण आहे, एका पालकात असला तरी बऱ्याच पिल्लांत उतरतो. राखणीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. उलट ते नख सैल असेल तर काटेरी रानात अडकून फाटतं. काळी टाळू हा रंगद्रव्याचा भाग आहे. ज्यांचं नाक, ओठ काळे त्यांची टाळूही बहुधा काळी. मानगुटीला धरून उचललं आणि ओरडलं नाही ते धीट, ही परीक्षाही फसवी आहे. आजारी पिल्लूही ओरडत नाही.

मी सांगतो तसं बघा. वय सहा-सात आठवडे, वेळ सकाळची, पोट रिकामं. थोड्या अंतरावर जर्मनची (अॅल्युमिनियमची) थाळी जमिनीवर टाका. सगळी दचकतील. जे चार-पाच सेकंदांत सावरून हुंगायला येतं ते घ्या. जे पळून लपून राहतं ते नको, पुढे दिवाळीच्या फटाक्यांत हरवेल. जे थाळीवर तुटून पडतं तेही नको, ते माणसाला चावण्याच्या वळणाचं. हिरड्या गुलाबी आहेत का बघा, पांढरट असतील तर अंकुशकृमी. पोट नगाऱ्यासारखं आणि बरगड्या वर, तर गोल जंत. चावा कात्रीसारखा जुळतो का, नराची दोन्ही अंडं उतरलीत का, एवढंही तपासा.

आणि मग पिल्लाला बाजूला ठेवून आई दाखवा म्हणा. तुम्ही परके म्हणून वाटेत उभी राहून भुंकली, मालक बोलल्यावर थांबली, पण तुमच्यावरची नजर काढली नाही, तर ती चांगली. शेपूट घालून तंबूमागे गेली किंवा मालकाच्या हाकेनंतरही चावायला येत राहिली, तर पिल्लू कितीही देखणं असो, नमस्कार करून परत फिरा.

कान कापण्याबद्दल कोणी विचारायच्या आत: काही ठिकाणी अजून कापतात, लांडग्याच्या तोंडी येत नाही म्हणून. जखमेवर माशी बसते, अळ्या पडतात, पडका कान पाऊस आणि गोचिडापासून जे संरक्षण देतो ते जातं. शिवाय 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली जनावराचा अवयव असा तोडणं गुन्हा आहे. पिल्लू घेणाऱ्यांनी आधीच सांगावं, कान कापू नका.

गवताळ

बिबट्या आणि लांडगा यांची राखण एकसारखी नसते, मुंबईकरांनी हे नीट समजून घ्यावं. धनगरी कुत्रं घडलं लांडग्यासमोर, उघड्या माळावर. लांडगे दोन-तीनच्या टोळीने येतात. मेंढके सांगतात, एक जण कुत्र्यांना पाठीवर घेऊन लांब पळवतो आणि दुसरा खांडात शिरतो. म्हणून एक कुत्रं वाघरीजवळ साखळीला ठेवतात, बाकीची मोकळी.

बिबट्या दबा धरतो आणि त्याला कुत्रं हे भक्ष्यच असतं. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या आहाराच्या अभ्यासात सगळ्यात मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचाच निघाला. संजय गांधी उद्यानाच्या कडेलाही बिबटे कुत्री खातात. तेव्हा मुरबाडला एकटं कुत्रं साखळीला बांधून ठेवणं म्हणजे त्याला मारायला देणं. शेळ्यांना वरून बंद, जाळीचा गोठा हवा. कुत्रीही रात्री त्याच्यालगत जाळीत हवीत. त्यांचं काम वास घेऊन भुंकणं आणि गड्याला उठवणं, बिबट्याशी लढणं नाही. गळ्यात रुंद, बाहेरून खिळे असलेला पट्टा घाला. हिमालयात गद्दी आणि भोटिया कुत्र्यांना लोखंडी काट्यांचा पट्टा याचसाठी घालतात, बिबट्या गळाच धरतो.

आणखी एक. काही जण माजावरची कुत्री मुद्दाम माळावर सोडतात, लांडग्याचं रक्त आलं की राखण तिखट होईल म्हणून. असं करू नका. पुणे जिल्ह्यात लांडगा-कुत्रा संकर जनुकीय तपासणीतून सिद्ध झालेला आहे आणि लांडग्यांच्या दृष्टीने ती गंभीर गोष्ट आहे, आधीच थोड्या उरलेल्या लांडग्यांचं रक्त त्यातून पातळ होतं. राखणीलाही हे पिल्लू निरुपयोगी: माणसाला बुजतं आणि मेंढरावर शिकारी नजर ठेवतं.

डॉ. बैलघोडा

जंत आणि लस, जरा सविस्तर, कारण इथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

मेलेल्या मेंढीचं काळीज, फुप्फुस, डोकं कुत्र्यासमोर टाकायची सवय वाड्यावर आहे. त्यातल्या पाण्याच्या गाठींमधून इकायनोकॉकस नावाचा अगदी बारीक पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो, अंडी विष्ठेतून गवतावर जातात, मेंढी चरताना खाते, तिच्या यकृतात-फुप्फुसात पुन्हा गाठी. तीच अंडी कुत्र्याच्या केसांवरून माणसाच्या हाताला, तोंडात, आणि माणसाच्या यकृतात गाठ. डोक्यातून दुसरा पट्टकृमी येतो, ज्यामुळे मेंढरू मान वाकडी करून एकाच बाजूला गरगर फिरतं आणि मरतं. मेंढ्यांचा हा रोग म्हणजे आपल्याच कुत्र्याचा जंत.

उपाय दोन. अवयव कच्चे टाकायचे नाहीत: पुरा, किंवा किमान अर्धा तास खळाखळा उकळा. आणि प्राझिक्वांटेल, किलोला 5 मिलिग्रॅम, दर सहा आठवड्यांनी. सहा आठवडेच का, तर इकायनोकॉकसला अंडी घालायला साधारण तेवढा वेळ लागतो. गोळी दिल्यानंतर तीन दिवस कुत्रं बांधून विष्ठा पुरावी किंवा जाळावी.

पिल्लांना गोल जंतांसाठी पायरँटेल दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात, वजनावर. पार्व्हो आणि डिस्टेम्परची लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू, दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीज तीन महिन्यांना, मग दरवर्षी. ठाणे-रायगडच्या पावसात लेप्टोस्पायरोसिसचा घटक असलेली लसच घ्या. लस बर्फात आणायची, उन्हात गाडीत राहिलेली लस म्हणजे पाणी. पार्व्होचा विषाणू मातीत वर्षभर टिकतो. ज्या आवारात आधी पिल्लू रक्ती जुलाबाने मेलं तिथे लस पूर्ण होण्याआधी नवं पिल्लू आणू नका.

चेंबूरकर

सगळं वाचलं. एक सुचवतो. राजापलायम, चिप्पीपराई, मुधोळ यांची कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे जात म्हणून नोंद झाली आहे. मुधोळसाठी बागलकोट जिल्ह्यात तिम्मापूरला संशोधन केंद्र आहे. धनगरीचंही मानक ठरवून नोंदणी केली, शोमध्ये उतरवलं तर भाव येईल आणि जात वाचेल, नाही का?

माळरान

चेंबूरकर, नोंदणीला माझा विरोध नाही. वस्तीवस्तीवर जाऊन मापं घेणं, रक्ताचे नमुने घेणं हे व्हावंच. भीती शोची आहे. उंची, रंग, कानाची ठेवण यावर बक्षीस मिळायला लागलं की पैदास करणारा कोकराची परीक्षा घ्यायचं सोडतो, कारण ती दीड वर्ष चालते आणि तिला बक्षीस नाही. उंचीच्या हौसेने आत्ताच कारवानी रक्त घातलं जातंय. कारवानी आणि मुधोळ ही नजरेने शिकार करणारी, पळतं ते धरणारी कुत्री. त्यांच्या जागी उत्तम आहेत, पण खांडात पळतं ते कोकरूच असतं. दुसरीकडे दाट केसांच्या हौसेने जर्मन शेफर्ड घालतात, मग मे महिन्यात कुत्रं सावली सोडत नाही आणि कमरेचं दुखणं मागे लागतं.

मानक ठरवायचंच तर त्यात पहिली अट अशी हवी: नर-मादी दोघंही किमान एक पूर्ण वर्ष खांडावर राहिलेली असावीत. नोंदवहीत रंगाआधी तेच लिहावं.

वाघर

सहमत. आणि वही मेंढक्याच्या भाषेत असावी. आईचं नाव, कुठल्या वाड्याची, बाप कुठला, विणीचा महिना, किती जगली, किती कामाला लागली, खोड कोणाला लागली. एवढं पाच वर्षं लिहिलं तरी कुठलं कूळ राखायचं ते कळेल.

मुलुंडची माई

फ्लॅटमध्ये ठेवण्याबद्दल कोणी बोललं नाही. आमच्या सोसायटीत एकाने आणायचं ठरवलंय.

माळरान

माई, त्यांना थांबवा. रात्री भुंकणं हेच याचं काम आहे. लिफ्टचा आवाज, कुरिअरवाला, वरच्या मजल्यावरची पावलं, सगळ्यावर ते इमानाने भुंकेल. मग तक्रारी, मग तोंडाला पट्टा, मग गॅलरीत बांधणं. ज्यांना फ्लॅटमध्ये देशी कुत्रं हवंय त्यांनी आपल्याच गल्लीतलं पिल्लू दत्तक घ्यावं, ते माणसांच्या गर्दीत वाढलेलं असतं. महापालिकेचा परवाना आणि रेबीजचा दाखला दोन्हीकडे लागतोच.

डॉ. बैलघोडा

कायद्याचा एक मुद्दा. 2017 च्या श्वान पैदास आणि विक्री नियमांनुसार विक्रीसाठी पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, 18 महिन्यांच्या आतल्या किंवा 8 वर्षांच्या वरच्या कुत्रीची वीण घेता येत नाही आणि वर्षातून एकाहून अधिक वेळा तर नाहीच. वाड्यावर पिल्लू सहसा विकत नाहीत, देतात. पण मध्यस्थ हायवेवर टोपलीत पाच आठवड्यांची पिल्लं 'ओरिजिनल धनगरी' म्हणून विकतो, ती घेऊ नका.

ज्यांना पैदास करायची नाही त्यांनी वर्ष-दीड वर्षाचं झाल्यावर नसबंदी करून घ्यावी. राखणीत फरक पडत नाही, भाद्रपदात नर भटकायचा थांबतो.

वाघर

घाटवाट, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. एक पुरणार नाही, दोन हवीत, आणि त्यातली एक दोन-तीन वर्षांची कामाची मादी मिळाली तर उत्तम. मिळणं कठीण, कारण चांगली कोणी देत नाही. नाही मिळाली तर एक नर, एक मादी अशी दोन वेगळ्या आयांची पिल्लं सहा महिन्यांच्या अंतराने आणा. एकाच विणीची दोन एकदम आणली तर ती एकमेकांत रमतात, शेळ्यांत नाही.

वेळ पौष-माघाची. कार्तिक-मार्गशीर्षातली पिल्लं तेव्हा आठ-दहा आठवड्यांची होतात आणि वाडे तुमच्या मुरबाडलाच असतात. ज्येष्ठाच्या तोंडावर ते वर चढतात, तोवर थांबलात तर वय निघून जातं.

जाताना पैशांचं पाकीट पुढे करू नका. वाड्यावरच्या सगळ्या कुत्र्यांना रेबीजची लस आणि प्राझिक्वांटेल देण्याची सोय करा, डॉक्टर घेऊन जा. त्याची तिथे खरी गरज आहे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जायला तोंड राहतं. आधी एक फेरी अंधार पडल्यावर करा, लांब उभं राहून बघा कोण पहिलं भुंकतं. मालकाला सांगूनच.

आणल्यावर पहिले दोन आठवडे पिल्लू घरात, पडवीत, गड्याच्या खाटेखाली कुठेच नको. शेळ्यांच्या गोठ्यातच, पण जाळीने वेगळा केलेला कोपरा, जिथे शेळ्यांना वास घेता येईल आणि पिल्लाला चिरडता येणार नाही. येताना वाड्यावरून मेंढीच्या लोकरीचा किंवा जुन्या घोंगडीचा तुकडा मागून आणा, पिल्लाला त्यावर झोपवा. खायला गोठ्यातच द्या, पण शेळ्यांच्या गव्हाणीपासून लांब, नाहीतर अन्नावरून शेळीला चावायची सवय लागते. पिल्लाला हाताळा, नाव घेऊन बोलवा, पकडता आलं पाहिजे, लस टोचता आली पाहिजे. पण मुलांबरोबर अंगणात चेंडू खेळायला शिकवू नका.

घाटवाट

लिहून घेतलं. मादीबद्दलचं विशेष. माघात जाईन तेव्हा डॉक्टरांना बरोबर घेऊन जातो. शेळ्या आहेत, मेंढ्या नाहीत, त्याने फरक पडतो का?

वाघर

थोडा. शेळी चपळ, पिल्लाला खेळायला बोलावल्यासारखी उड्या मारते, त्यामुळे पाठलागाची खोड लवकर लागते. लोढणं चौथ्या महिन्यातच तयार ठेवा, आणि शेळ्या व्यायच्या वेळी पिल्लू जाळीबाहेर. पहिल्या वर्षी कुठलीही वीण पिल्लासमोर नको. दुसऱ्या वर्षी, तुम्ही स्वतः समोर उभे असताना.